फळ्याच्या कोपऱ्यातला दोन

बोरस्ते सरांनी खडू मधोमध मोडला, अर्धा शर्टाच्या खिशात टाकला आणि उरलेला बोटांत धरून ते फळ्याकडे वळले. अख्खा खडू किंचाळतो, अर्धा मुकाट काम करतो, असं ते प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगत. सायलीने सुटकेचा श्वास सोडला. निदान हे तरी विसरले नव्हते.

"घड्याळ बघून ठेवा रे," सर म्हणाले. "नाहीतर शेखर म्हणायचा, म्हातारा संध्याकाळपर्यंत खेळत बसला."

शेखर म्हणजे सरांचा एकुलता एक मुलगा. तो खिडकीपाशी हाताची घडी घालून उभा होता आणि त्याला हसू येत नव्हतं. दाराशेजारी एक काळी बॅग भरून तयार होती. ती सरांची होती, आणि ती जाणार की इथेच राहणार हे आता फळ्यावर ठरायचं होतं.

गोष्ट अशी होती. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतल्या या घरात सर एकटे राहत. त्यांच्या पत्नी, काकू, जाऊन बरीच वर्षं झाली होती. लोक हॉलमध्ये टीव्ही लावतात, सरांनी भिंतभर फळा लावला होता, आणि काकू होत्या तोवर त्याच्या खालच्या कडेला दिवाळीत खडूची रांगोळीही निघायची. पावसाळ्याच्या तोंडावर सर खड्डा चुकवायला गेले आणि स्कूटरवरून डोक्यावर आपटले. आत रक्त साकळलं. डॉक्टरांनी कवटीला भोक पाडून ते काढलं. सर चालायला लागले, बोलायला लागले, भाजीवाल्याशी हुज्जत घालायला लागले. सगळ्यांना वाटलं, देव पावला.

पण शेखरला काही ते पटेना. त्याने बंगळुरूला आपल्याकडे येण्याचा धोशा लावला. सर म्हणायचे, दिंडोरीत भावाची बाग आहे, छाटणीचे दिवस आहेत, मी कुठेही येत नाही. दोघेही एकाच मातीचे, त्यामुळे कुणी हटेना. शेवटी दसऱ्याला भांडण इतकं पेटलं की शेखर बोलून गेला, "अण्णा, तुमचं डोकं पहिल्यासारखं राहिलेलं नाही!"

सरांनी ते शब्द झेलले आणि तिथेच अट घातली. पायॉन-न्यूक्लिऑनचं गणित, करंट अल्जिब्राने, एका बैठकीत, पुस्तक न बघता. जमलं तर शेखरने पुन्हा तो विषय काढायचा नाही. चुकलं तर सर बॅग उचलून गाडीत बसतील. ओझरहून दुपारचं विमान होतं आणि शेखरने दोन तिकिटं काढून ठेवली होती. परीक्षक सायली.

सायली ही सरांची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. आता ती स्वतः कॉलेजात शिकवत होती, पण सरांसमोर उभी राहिली की अजूनही तिची जीभ टाळ्याला चिकटायची. हेच गणित सर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिलं म्हणून देत. आणि तपासायची त्यांची तऱ्हा जगावेगळी. कुठे चुकलं हे ते कधी सांगत नसत. पानाच्या वरच्या कोपऱ्यात फक्त एक आकडा लिहायचे आणि त्याला गोल करायचे. तीन. म्हणजे तीन चुका आहेत, जा, शोध. सायलीने तो तीन घेऊन दिवसचे दिवस काढले होते, चिडली होती, रडलीही होती. सापडल्या की सर जुना आकडा खोडून तिथे शून्य लिहायचे. त्या शून्यासाठी पोरं जीव टाकायची.

त्यांचं आणखी एक वाक्य होतं. "उत्तर जुळलं की आधी घाबरायचं, मग आनंद करायचा."

आज सकाळी ती आली तेव्हा सर दाढी करत होते. शेखरने तिला चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात बोलावलं. शेगडीच्या मागच्या भिंतीवर हातभर काळा डाग होता.

"हा मागच्या महिन्यातला," शेखर हळू आवाजात म्हणाला. "दूध ठेवलं आणि अंघोळीला गेले. पातेलं जळून गेलं. पण खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. कुसाबाई, सांगा यांना."

स्वयंपाकाला येणारी कुसाबाई पोळ्यांची कणीक तिंबत होती. तिने हात थांबवले नाहीत. "लय वास येत व्हता, ताई. दारातच मला गरगरलं. शेगडीची ज्योत इझलेली आन् गॅस चालूच. मी पयले खिडक्या उघडल्या. आन् सर आपले आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेले. म्हटलं, सर, वास नाय का आला? तर म्हणे, कसला वास?"

"त्यांना वासच येत नाही," शेखर म्हणाला. "पडल्यापासून. मी विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, असं होतं, परत येईल की नाही सांगता येत नाही. अण्णांनी हे कुणालाच सांगितलेलं नाही. मलाही नाही. मी त्यांच्या चहात मुद्दाम कांदा किसून टाकला, तेव्हा कळलं. दोन घोट पिऊन म्हणाले, साखर कमी आहे."

सायलीने उचललेला कप परत ओट्यावर ठेवला.

"म्हणून एक विनंती आहे. उत्तर काहीही येवो, तुम्ही चूक म्हणा. जगात तुमचंच ते ऐकतील."

"नाही, शेखरदादा." हे मात्र तिच्या तोंडून ताबडतोब निघालं. "त्यांच्याच फळ्यासमोर त्यांच्याशी खोटं बोलू? ते मला जमायचं नाही."

"आणि ते या घरात एकटे मेले तर ते जमेल तुम्हाला?"

 ती चहा न घेताच बाहेर आली.

आणि आता सर फळ्यापुढे उभे होते. टाके पडलेल्या जागी केस नीट उगवले नव्हते, तेवढा भाग खिडकीच्या उजेडात चमकत होता. सायली खुर्चीच्या कडेवर टेकली होती. तिला मनापासून वाटत होतं की सरांनी सरळ सगळं बरोबर करावं आणि तिच्यावरचं हे संकट टळावं.

"शेखर, तुला कळावं म्हणून सांगतो," सर लिहिता लिहिता बोलू लागले. "हा प्रोटॉन, म्हणजे आपला न्यूक्लिऑन. जड माणूस. आणि हा पायॉन, हलका, त्याच्याकडे सावकाश निघालाय. आदळून कसा फिरेल, एवढंच काढायचं. आता प्रोटॉनच्या पोटात काय भानगडी आहेत ते कुणालाच धड ठाऊक नाही. मग गणित करायचं कसं?"

"कसं?" शेखरने विचारलं. नको नको म्हणत तो ऐकत होता.

"एखाद्याच्या दाराला जोरात धडक दिली तर आतली भांडी पडतात. किती पडली, कुठली पडली, हिशेब लागत नाही. पण हळूच कडी वाजवली, तर आतून कोण कसं ओ देणार याचा रिवाज ठरलेला असतो. घरात न शिरता सांगता येतं. पायॉन जितका हळू, तितका रिवाज पक्का. करंट अल्जिब्रा म्हणजे तो रिवाज. दोनच आकडे निघतात. एकात ओढ, दुसऱ्यात ढकल. ओढ ढकलीच्या दुप्पट. बस."

हे इतकं सरांचं होतं, इतकं पहिल्यासारखं होतं, की सायलीचे डोळे भरून आले. शेखरच्याही चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. सर पुढे लिहीत गेले. दोन प्रवाहांचा कॉम्युटेटर आला, पायॉनचं वस्तुमान शून्याकडे नेलं, मधल्या दोन पदांना काट मारली. अक्षर किंचित तिरपं झालं होतं, बाकी काही नाही. स्वयंपाकघरातून लाटण्याचा आवाज येत होता.

मग सरांनी पायॉनचा स्थिरांक लिहिला: १३१.

सायलीने तो आकडा पुन्हा एकदा वाचला.

हा आकडा लिहायच्या दोन पद्धती आहेत. एकीत तो ९२ असतो, दुसरीत १३१. दोन्ही बरोबर, पण सूत्र ज्या पद्धतीचं, आकडाही त्याच पद्धतीचा पाहिजे. मोजणी एकरात आणि भाव हेक्टरचा, असं केलं तर व्यवहार बुडतो. सरांनी सूत्र ९२ वालं लिहिलं होतं. गेली कित्येक वर्षं ते त्याच पद्धतीने शिकवत होते आणि जो कुणी १३१ मिसळेल त्याची भर वर्गात खरडपट्टी काढत होते. पण तरुणपणी, स्वतः शिकताना, ते १३१ वापरायचे. डोक्याला मार बसल्यावर तळातला गाळ वर आला होता.

त्या आकड्याचा वर्ग होऊन भागाकारात जायचा. म्हणजे उत्तर आता निम्मं येणार होतं.

बोलायचं नाही, असं ठरलेलं होतं. ती खुर्चीची कड धरून बसली. सरांच्या लक्षात येईल, ती स्वतःला समजावत होती. उत्तर निम्मं आलं की ते क्षणात ओळखतील, कारण खरं उत्तर त्यांना झोपेतून उठवलं तरी येतं. मागे जातील, खोडतील, दुरुस्त करतील. दुरुस्त केलेली चूक ही चूक नव्हे. तिने मनातल्या मनात काळारामाला नारळ बोलला. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईने हे करावं का, असं विचारणाऱ्याने एकदा तिच्या जागी बसून बघावं.

सर पुढच्या ओळीला आले. इथे न्यूक्लिऑनचा आयसोस्पिन, म्हणजे तो प्रोटॉन की न्यूट्रॉन हे सांगणारा आकडा येतो, आणि त्याच्यामागे एक अर्धा येतो. सरांचा खडू तिथे थबकला. ते मागे सरले, फळ्याकडे बघत ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले. 

त्यांनी लिहिलं. अर्धा लिहिलाच नाही.

अर्धा गाळला की उत्तर दुप्पट होतं. आधी निम्मं, मग दुप्पट. तिला पुढचं सगळं एका नजरेत दिसलं.

"शून्य पूर्णांक सोळा," सर मोठ्याने म्हणाले, "आणि वजा शून्य पूर्णांक शून्य आठ. ओढ दुप्पट, ढकल एकपट." त्यांनी दोन्ही उत्तरांखाली जाड रेघ मारली, हात झटकले आणि मुलाकडे वळले. चेहरा पोरासारखा फुलला होता. "बघ तुझ्या फोनवर. मोजणाऱ्यांना काय मिळालंय ते बघ."

शेखरने फोनवर शोधलं. त्याने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा फळ्याकडे, आणि मग तो खाली बसला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "जवळपास हेच आहे. अण्णा, मी हरलो."

शेखर वाईट माणूस नव्हता. सकाळी त्याने जे मागितलं ते भीतीपोटी मागितलं होतं. पण शब्द दिला होता आणि तो मोडायची त्याची तयारी नव्हती. त्याने तिकिटाचं पान उघडलं. "एक रद्द करतो. पण कुसाबाईंना मी दोन्ही वेळेला यायला सांगणार, आणि तुम्ही शेगडीला हात लावायचा नाही."

"चालेल, चालेल!" सर म्हणाले. "लय झालं तुझं. सायली, तू गप्प का? निकाल सांग बाई, रीतीने होऊ दे."

सायली उठली.  हो म्हटलं की संपलं. सर खूश, शेखर मोकळा, आणि ती खोटंही बोललेली नाही, कारण उत्तर खरंच बरोबर होतं. कुणाला कधी कळलंही नसतं. या घरात ते फळ्यावरचं वाचू शकणारी दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक खुशीत होतं.

आणि नाही म्हटलं तर? सकाळी ज्याला तिने ठणकावून नकार दिला, त्याचंच काम तिच्या हातून होणार होतं. सर म्हणतील, मुलाने हिला फितवलं. आयुष्यभर म्हणतील. तिला सरांचा रागही आला. एवढं हौसेने हे गणित कशाला निवडायचं? पाढे म्हणून दाखवले असते तर काय बिघडलं असतं? पण राग येऊन उपयोग नव्हता. उत्तर जुळलं होतं, आणि उत्तर जुळल्यावर काय करायचं हे तिला याच माणसाने शिकवलं होतं.

ती फळ्याशी गेली. खालच्या पट्टीवर खडूचा तुकडा पडला होता तो घेतला. वरच्या उजव्या कोपऱ्यात तिने दोन लिहिला आणि त्याला गोल केला.

 शेखरने फोनवरून मान वर केली. त्याला त्या आकड्याचा अर्थ ठाऊक नव्हता, पण वडिलांचा चेहरा त्याने पाहिला आणि तोही उभा राहिला.

"शेखर काही बोलला का तुझ्याशी?" सरांनी विचारलं. आवाज अगदी शांत होता आणि त्याचीच सायलीला जास्त भीती वाटली.

"बोलले."

"काय?"

"उत्तर काहीही येवो, चूक म्हणा."

शेखरने मान खाली घातली.

"मग?"

"मी नाही म्हटलं, सर. अजूनही नाहीच म्हणतेय. उत्तर बरोबर आहे." तिने कोपऱ्यातल्या आकड्याकडे बोट केलं. "पण दोन आहेत."

सर तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं, आता हाकलून देतील. पण सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला आणि ते फळ्याकडे वळले.

"बोलू नकोस," ते म्हणाले. "शोधतो."

ते पहिल्या ओळीपासून बोट ठेवत खाली येऊ लागले. पुटपुटत, थांबत. १३१ पाशी आले आणि बोट तिथेच राहिलं.

"अरे गाढवा," ते स्वतःलाच म्हणाले. तळव्याने १३१ पुसून तिथे ९२ लिहिला. उत्तराकडे गेले, आकडे बदलले: शून्य पूर्णांक बत्तीस आणि वजा शून्य पूर्णांक सोळा. मग ते मागे सरले आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. एक चूक सुधारली तर बरोबर उत्तर चुकीचं झालं होतं.

"म्हणजे अजून एक आहे," ते म्हणाले. "आणि ती मी... ती मी उत्तर जुळवायला केली."

"मुद्दाम नाही, सर."

"मुद्दाम केली असती तर बरं होतं गं. निदान मी केली असं म्हणता आलं असतं."

ते पुन्हा वरून सुरुवात करू लागले. आयसोस्पिनच्या ओळीवरून त्यांचं बोट गेलं आणि पुढे निघून गेलं.  पुन्हा वरून. पुन्हा ती ओळ, पुन्हा बोट पुढे. कुसाबाईने जेवण मांडून ठेवलं ते तसंच निवत पडलं. शेखरने दोनदा घड्याळ पाहिलं आणि दोन्ही वेळा काही न बोलता खिडकीबाहेर बघू लागला. शेवटी सरांचा हात नुसता फळ्यावर टेकून राहिला.

"अण्णा, राहू द्या," शेखर म्हणाला.  "एक तर तुम्ही शोधलीत. मी तिकीट रद्द करतो. मला नाही हे बघवत."

"नको." सरांनी खडू पट्टीवर ठेवला. "पेपर माझा, अट माझी. एटीकेटी मिळाली म्हणायची. चल, जेवून निघू. कुसाबाईच्या पोळ्या वाया जायला नकोत."

ते खरंच जेवायला बसले आणि सायलीलाही बसवलं. तिच्या घशाखाली घास उतरेना. सर मात्र दिंडोरीच्या बागेबद्दल बोलत होते, भावाने यंदा छाटणी उशिरा धरली म्हणून त्याला नावं ठेवत होते. निघताना त्यांनी घराची किल्ली तिच्या हातात दिली. पाया पडायला ती वाकली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्त वेळ ठेवला.

"शेखरने सांगून तू केलं असतंस तर मला राग आला नसता," ते म्हणाले. "पण वाईट वाटलं असतं."

गाडी गेली. कुसाबाई भांडी घासून, हात पुसत निघून गेली. सायली एकटीच हॉलमध्ये बसली. फळा पुसावा की ठेवावा हे तिला ठरवता येईना. सगळं खरं वागूनही आपण काहीतरी पाप केलंय असं तिला वाटत होतं, आणि ते जाता जात नव्हतं.

फोन वाजला तेव्हा ती दचकली. शेखरचा होता. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ ऐकू येत होता.

"दहाव्या मैलापाशी आहोत," शेखर ओरडून बोलत होता. "अण्णांनी गाडी थांबवायला लावली. डिकी उघडून त्या काळ्या बॅगेवर खडूने लिहीत बसलेत! मागे ट्रकांची रांग लागलीय. घ्या, बोला त्यांच्याशी."

खडू. शर्टाच्या खिशातला अर्धा. सायली उभी राहिली.

"सायली," सरांचा आवाज आला, धापा टाकत. "न्यूक्लिऑनचा अर्धा कुठे गेला गं? आयसोस्पिनच्या ओळीत. मीच गिळला ना?"

"हो, सर." ती हसत होती आणि रडतही होती.

"फळ्यावर दिसेना. बॅगेवर पहिल्यापासून मांडलं, उत्तर विसरून मांडलं, आणि आपोआप आला. आता किती?"

"शून्य, सर."

पलीकडे हॉर्नच ऐकू येत राहिले. मग सर म्हणाले, "शेखर म्हणतोय, गाडी वळवू का. म्हणतोय, शोधली म्हणजे पास. पण परीक्षक तू आहेस. सांग."

ते तिच्या ओठांवरच होतं. वळवा, सर. नुसता एक शब्द, आणि घटकाभरात ते या दारातून आत आले असते, चपला काढता काढता तिला चहा टाकायला सांगत. डोकं शाबूत होतं, हे आता फळ्याने नाही तरी बॅगेने सिद्ध केलं होतं. ती दाराकडे वळली, आणि स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून शेगडीमागचा तो काळा डाग तिला दिसला.

"सर, तुमच्या मागे ट्रक आहेत ना?"

"आहेत की. शिव्या देतायत."

"धुराचा वास येतोय?"

 एक ट्रक घुरघुरत त्यांच्या अगदी जवळून गेला असावा, फोनमध्ये काही क्षण दुसरं काहीच ऐकू आलं नाही.

"धूर दिसतोय," सर अखेरीस म्हणाले. "चांगला काळा दिसतोय."

सायलीने फोन कानाशी तसाच धरला.

"तुला ठाऊक होतं तर."

"आज सकाळी कळलं, सर."

"फळ्यावर मागे सरून बघता येतं. गॅस कुठला तेवढा थांबायला." ते जरासे खोकले. "बरोबर विचारलंस. मी गणितच चुकीचं निवडलं होतं." मग त्यांचा आवाज फोनपासून लांब गेला. "शेखर, डिकी लाव. चल, विमान चुकेल. आणि बॅग पुसू नकोस रे, हात लावू नकोस तिला."

फोन बंद झाला.

 सायलीने फळ्याशी जाऊन आयसोस्पिनच्या ओळीत अर्धा लिहिला, खाली शून्य पूर्णांक सोळा आणि वजा शून्य पूर्णांक शून्य आठ पुन्हा मांडले, आणि कोपऱ्यातला दोन बोटाने पुसून त्या गोलात शून्य काढलं. त्यानंतर तिने आत जाऊन सिलिंडरचा कॉक बंद केला, दोनदा तपासला, आणि शेगडीजवळच जमिनीवर बसून पोटभर रडली.